रक्ततपासणीचे आकडे आणि हृदयविकाराचा धोका: रिपोर्टात नेमकं काय बघायचं?

निर्झरा

पॅकेज चेकअपच्या रिपोर्टात हल्ली साठ-सत्तर आकडे येतात. त्यातले हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका खरोखर सांगणारे मोजकेच असतात. ते कोणते, त्यात चूक कुठे शिरते आणि कुठल्या आकड्यावर औषध-पथ्य ठरवायचं, हे एका जागी नीट लिहिलेलं असावं म्हणून हा धागा काढते आहे.

बोलायला सोपं जावं म्हणून एक नमुना रिपोर्ट मांडते. तो कुणा खऱ्या माणसाचा नाही, पण असे रिपोर्ट आपल्याकडे रोज निघतात.

पुरुष, वय ४२, तंबाखू-सिगारेट नाही. कंबर ९४ सेंमी, रक्तदाब १३२/८६. बारा तास उपाशी.
एकूण कोलेस्टेरॉल १८८, ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३४, एलडीएल ११२, व्हीएलडीएल ४२
अपो-बी ११८, लायपोप्रोटीन-ए ६८
उपाशीपोटी साखर १०८, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९ टक्के, उपाशीपोटी इन्शुलिन १६
एचएस-सीआरपी २.४, होमोसिस्टीन २६

(लिपिड, अपो-बी, लायपोप्रोटीन-ए आणि साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. खाली एकक लिहिलेलं नसेल तिथे हेच धरा.)

एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत आहे, म्हणून घरी सगळे म्हणणार "कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं". मला हा रिपोर्ट अजिबात नॉर्मल वाटत नाही. जाणकारांनी एकेक आकडा उलगडावा.

---

प्रयोगशाळाकर

लिपिड प्रोफाइलपासून (रक्तातल्या चरबीच्या आकड्यांपासून) सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहेत.

छापील कागदावर आठ-नऊ ओळी असतात. प्रत्यक्षात यंत्राने मोजलेल्या बहुतेक वेळा तीनच गोष्टी असतात: एकूण कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि एचडीएल ('चांगलं' म्हणतात ते कोलेस्टेरॉल). बाकी सगळं गणित. व्हीएलडीएल म्हणजे ट्रायग्लिसराइड भागिले ५. एलडीएल ('वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल) म्हणजे एकूण वजा एचडीएल वजा हे व्हीएलडीएल. हे १९७२ सालचं फ्रीडवाल्डचं सूत्र. नमुन्यात १८८ − ३४ − ४२ = ११२, जुळतंय.

सूत्राची गोम त्या 'भागिले ५' मध्ये आहे. ट्रायग्लिसराइड वाढलं की ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉलचं प्रमाण पाचास एक राहत नाही. मग सूत्र व्हीएलडीएल जास्त धरतं आणि एलडीएल कमी दाखवतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर हे सूत्र वापरूच नये, हे सगळ्या लॅबना माहीत असतं. पण खरा घोटाळा त्याच्या कितीतरी आधी होतो. औषध चालू असलेला रुग्ण घ्या: एकूण १४२, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड २८०. फ्रीडवाल्डने एलडीएल येतं ५०. अटॅक येऊन गेलेल्या माणसाला ५५ च्या खाली आणायचं असतं, म्हणजे "टार्गेट गाठलं". तेच आकडे २०२० च्या सॅम्पसन सूत्रात घातले तर उत्तर येतं साधारण ६२. टार्गेट गाठलेलं नाही. रक्त तेच, निर्णय मात्र उलटा.

म्हणून रिपोर्टावर एलडीएलपुढे 'कॅल्क्युलेटेड' आहे की 'डायरेक्ट' हे बघा, आणि कॅल्क्युलेटेड असेल तर कोणत्या सूत्राने ते लॅबला विचारा. मार्टिन-हॉपकिन्स किंवा सॅम्पसन ही नवी सूत्रं असतील तर उत्तम. 'डायरेक्ट' म्हणजे बिनचूक असंही नाही. ट्रायग्लिसराइड फार असलं की त्या किटसुद्धा चुकतात, आणि प्रत्येक कंपनीची किट वेगळी चुकते.

या सगळ्या भानगडीतून सुटायचा फुकटचा मार्ग म्हणजे नॉन-एचडीएल: एकूण वजा एचडीएल. यात ट्रायग्लिसराइडचा अंदाज येतच नाही, त्यामुळे उपाशी असण्याचीही गरज नाही. नमुन्यात १८८ − ३४ = १५४. टार्गेट लक्षात ठेवायला सोपं: एलडीएलचं जे टार्गेट असेल त्यात ३० मिळवा. वरच्या औषधवाल्या रुग्णाचं नॉन-एचडीएल १०६ येतं, हवं होतं ८५ च्या आत. म्हणजे फ्रीडवाल्डने झाकलेलं नॉन-एचडीएलने लगेच उघडं पाडलं.

आणखी एक. काही रिपोर्टांत आता 'रेम्नंट कोलेस्टेरॉल' अशी नवी ओळ येते. एलडीएल फ्रीडवाल्डने काढलेलं असेल तर ही ओळ म्हणजे पुन्हा ट्रायग्लिसराइड भागिले ५ च. त्यात नवी माहिती शून्य.

---

रानवाट

नॉन-एचडीएल फुकट मिळत असेल तर अपो-बी वेगळी कशाला मागायची? दोन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात ना?

---

निर्झरा

@रानवाट, बहुतेक लोकांत दोन्ही बरोबरीने चालतात. जिथे फारकत होते तिथे अपो-बी वरचढ ठरते, आणि ही फारकत नेमकी आपल्याकडच्या नेहमीच्या चित्रात होते: ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी, पोट सुटलेलं, साखर काठावर.

कारण असं. एलडीएल असो, व्हीएलडीएल असो, त्यांचे उरलेसुरले तुकडे असोत की लायपोप्रोटीन-ए, रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरू शकणाऱ्या प्रत्येक कणावर अपो-बी या प्रथिनाचा एकच रेणू असतो. म्हणून अपो-बी मोजणं म्हणजे कण मोजणं. एलडीएल-कोलेस्टेरॉल मोजणं म्हणजे त्या कणांत भरलेला माल तोलणं. गोण्या किती आल्या हे विचारायचं असताना एकूण वजन सांगण्यासारखं ते आहे. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या माणसात कण लहान आणि कोलेस्टेरॉलने अर्धवट भरलेले असतात, त्यामुळे वजन बेताचं दिसतं आणि संख्या मात्र जास्त असते. भिंतीत अडकतो तो कण, त्यामुळे संख्येला महत्त्व.

नमुन्यात एलडीएल ११२ बघून "किंचित जास्त" म्हणाल. अपो-बी ११८ सांगते की कण भरपूर आहेत. युरोपच्या २०१९ च्या मार्गदर्शनात अपो-बीची टार्गेटं अशी: मध्यम धोका १०० च्या खाली, जास्त धोका ८० च्या खाली, अतिजास्त धोका ६५ च्या खाली.

५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात (२००४) अपो-बी आणि अपो-ए१ यांचं गुणोत्तर सर्वांत वजनदार घटकांपैकी एक निघालं. त्याच अभ्यासातून हेही दिसलं की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक इतरांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षं आधी येतो, आणि त्याचं बरंचसं स्पष्टीकरण याच नेहमीच्या घटकांत आहे. काही अनाकलनीय शाप नाही तो.

एक सूचना: तपासणी मागताना 'अपो-बी' असं स्पष्ट लिहून न्या. काउंटरवर अपो-ए१, अपो-बी आणि लायपोप्रोटीन-ए या तिन्हींची अदलाबदल सर्रास होते.

---

सावकाश

मला एक मुद्दा मांडायचा आहे. ट्रायग्लिसराइड भागिले एचडीएल हे गुणोत्तर ३ च्या खाली असेल तर एलडीएल कितीही असो, काळजी नको, असं बरेच अभ्यासू लोक सांगतात. नमुन्यात ते ६.२ आहे, म्हणजे खरा दोष इन्शुलिन रेझिस्टन्सचा (शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही त्याचा). मग एलडीएल-अपोबीच्या मागे का लागायचं?

---

प्रयोगशाळाकर

@सावकाश, निम्मं बरोबर आहे. ते गुणोत्तर इन्शुलिन रेझिस्टन्सचा चांगला आणि स्वस्त इशारा आहे. ६.२ बघून मीही तेच म्हणेन. चूक पुढच्या उडीत आहे.

'धोका ओळखणारा आकडा' आणि 'धोका घडवणारा आकडा' यांत फरक केला नाही तर सगळी चर्चा भरकटते. याची परीक्षा दोन प्रकारे होते. एक, ज्यांच्यात जन्मापासून तो आकडा वेगळा आहे त्यांचं काय झालं? दोन, औषधाने तो बदलला तर अटॅक कमी झाले का?

एलडीएल दोन्ही परीक्षा पास होतं. पीसीएसके९ जनुकातल्या बदलामुळे जन्मापासून एलडीएल सुमारे २८ टक्के कमी असलेल्या आफ्रिकी-अमेरिकी लोकांत १५ वर्षांत हृदयविकार ८८ टक्के कमी आढळला. हा अभ्यास २००६ चा. स्टॅटिनच्या (एलडीएल उतरवणाऱ्या गोळ्यांच्या) चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण सांगतं की एलडीएल दर ३९ ने खाली आलं की मोठ्या घटना सुमारे २२ टक्क्यांनी घटतात.

एचडीएल दुसऱ्या परीक्षेत साफ नापास झालं. टॉर्सेट्रॅपिब या औषधाने एचडीएल ७० टक्क्यांहून जास्त वाढवलं, आणि मृत्यू वाढले म्हणून २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. नायसिनची एम-हाय चाचणीही फायदा दिसेना म्हणून २०११ मध्ये आवरती घेतली. कमी एचडीएल हे वाईट लक्षण आहे यात शंका नाही, पण त्याला ओढून-ताणून वर नेल्याने रक्तवाहिनी वाचत नाही. "एचडीएल वाढवणारं" म्हणून जे काही विकलं जातं त्यावर पैसे घालवू नका.

ट्रायग्लिसराइडचा निकाल सर्वांत बोलका. २०२२ च्या प्रॉमिनंट चाचणीत मधुमेह, ट्रायग्लिसराइड २०० ते ४९९ आणि एचडीएल ४० किंवा कमी अशा दहा हजारांवर लोकांना पेमाफायब्रेट हे ट्रायग्लिसराइड उतरवणारं औषध किंवा नकली गोळी दिली. ट्रायग्लिसराइड चांगलं पाव हिश्श्याने उतरलं. अटॅक मात्र जराही कमी झाले नाहीत. का? अपो-बी उतरली नव्हती, उलट जवळपास ५ टक्के वाढली होती. कणांतली चरबी कमी झाली, कण तेवढेच राहिले.

म्हणून खूप कमी कर्बोदकांचा आहार घेऊन ट्रायग्लिसराइड ७०, एचडीएल ६०, पण एलडीएल २३० असा रिपोर्ट आला तर गुणोत्तर १.२ बघून निश्चिंत होणं मला धोक्याचं वाटतं. त्या माणसाची अपो-बी बघा. १९० च्या वर एलडीएल टिकून राहिलं तर कुठलंही गणित न मांडता उपचारांचा विचार करायचा असतो, आणि घराण्यात चालत आलेलं कोलेस्टेरॉल तर नाही ना हेही तपासायचं असतं.

---

सावकाश

प्रॉमिनंटमधली अपो-बी वाढल्याची बाब मला माहीत नव्हती. त्याने चित्र बदलतं खरं. धन्यवाद.

---

वाडवळ

लायपोप्रोटीन-ए बद्दल लिहितो, कारण आपल्या लोकांत ती दुर्लक्षित आहे.

१९६३ मध्ये नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी ती शोधली. एलडीएलसारखाच कण, त्याला अपो(ए) नावाची शेपटी जोडलेली. पातळी जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरते. आहार, व्यायाम, वजन यांनी फारशी हलत नाही. म्हणूनच आयुष्यात एकदा मोजली तरी बहुतेकांना पुरते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शनात ती प्रत्येकाची एकदा तरी मोजावी असं म्हटलंय, आणि भारतात सुमारे २५ टक्के लोकांत ती ५० मिग्रॅच्या वर असल्याचं नोंदवलंय.

वाचायचं कसं: ३० मिग्रॅच्या खाली, निश्चिंत. ५० च्या वर, धोका वाढवणारी. मधली करडी पट्टी. नॅनोमोलमध्ये रिपोर्ट असेल तर हेच टप्पे ७५ आणि १२५. इथे एक सापळा आहे. मिलिग्रॅमचे नॅनोमोल करायला ठरावीक गुणक नाही, कारण ती शेपटी माणसागणिक लांब-आखूड असते. एका लॅबचे मिग्रॅ अडीचने गुणून दुसऱ्या लॅबच्या नॅनोमोलशी तुलना करू नका. शक्यतो नॅनोमोलमध्ये रिपोर्ट देणारी लॅब निवडा.

नमुन्यातले ६८ म्हणजे जास्तच. स्टॅटिनने ती उतरत नाही, कधी थोडी चढते. पीसीएसके९ रोखणाऱ्या इंजेक्शनांनी साधारण २०-२५ टक्के उतरते. खास तिच्यासाठीच्या पेलाकार्सेन, ओल्पासिरान अशा औषधांच्या मोठ्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या आहेत. तोवर करायचं ते एवढंच, पण ते फार मोलाचं: बाकीचे सगळे धोके इतरांपेक्षा जास्त कडकपणे खाली ठेवायचे.

आणि हो, तिच्यातलं कोलेस्टेरॉल रिपोर्टातल्या एलडीएलमध्येच मोजलं जातं. स्टॅटिन नियमित घेऊनही एलडीएल अपेक्षेएवढं उतरत नसेल तर गोळ्या चुकवल्याचा ठपका ठेवण्याआधी लायपोप्रोटीन-ए बघावी.

---

रानवाट

एचएस-सीआरपी २.४ चं काय करायचं? आणि होमोसिस्टीन २६ लाल अक्षरांत आहे, त्याने घाबरायचं का?

---

निर्झरा

सीआरपी हे शरीरातल्या दाहाचं माप. १ च्या खाली कमी धोका, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त. पण हा आकडा फार चंचल आहे. सर्दी, हिरड्यांची सूज, दुखावलेला गुडघा, नुकती घेतलेली लस, कशानेही चढतो. १० च्या वर आला तर तो हृदयासाठी वाचूच नये. कारण शोधावं आणि बरं वाटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करावा. एरवीही दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करून सरासरी घेतलेली चांगली.

दोन चुका नेहमी होतात. एक, 'एचएस' नसलेला साधा सीआरपी केला जातो. तो न्यूमोनियासारख्या आजारासाठी असतो, २-३ मधला फरक त्याला धड दिसत नाही. दुसरी एककाची: काही लॅब मिग्रॅ प्रति डेसिलिटरमध्ये देतात. तिथले ०.२४ म्हणजे इथले २.४.

सीआरपी स्वतः रक्तवाहिनी खराब करत नाही. जन्मतः सीआरपी जास्त असलेल्यांत हृदयविकार वाढलेला आढळत नाही. पण त्याच्यामागचा दाह खरा आहे. २०१७ च्या कँटॉस चाचणीत कॅनाकिनुमॅबने एलडीएल न बदलता केवळ दाह कमी करून घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटवल्या. म्हणजे सीआरपी हा धुराचा मागमूस. नमुन्यातले २.४ बहुधा पोटाच्या चरबीमुळे, वजन उतरलं की उतरतील.

होमोसिस्टीनबद्दल (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं अमिनो आम्ल) मात्र ठामपणे लिहिते. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या गटाने केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७७ टक्के लोकांत होमोसिस्टीन जास्त आणि ४७ टक्के लोकांत बी-१२ कमतरता आढळली होती. शाकाहारी महाराष्ट्रात हा आकडा लाल येणं म्हणजे बहुधा बी-१२ ची हाक आहे. बी-१२ तपासा, कमी असेल तर भरून काढा. मज्जातंतू आणि रक्तासाठी ते हवंच. पण त्यामुळे हार्ट अटॅक टळेल अशी आशा नको. होप-२ आणि नॉर्व्हिट या २००६ च्या दोन्ही चाचण्यांत जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन उतरलं, अटॅक कमी झाले नाहीत.

---

रक्तनमुना

नमुना घेताना काय बिघडतं ते सांगतो. आकडा सूत्रात चुकतो त्याहून जास्त वेळा दंडावर आणि पिशवीत चुकतो.

साखर. घरी येऊन घेतलेलं रक्त साध्या नळीत तसंच राहिलं तर रक्तपेशी साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के. उन्हाळ्यात दोन-तीन घरं फिरून नमुना लॅबला पोहोचेपर्यंत १०८ चे ९५ होऊ शकतात आणि मधुमेहपूर्व माणूस 'नॉर्मल' ठरतो. साखरेसाठी करड्या झाकणाची फ्लोराइड नळीच हवी. तिचाही परिणाम पूर्ण व्हायला तास-दोन तास लागतात, म्हणून बर्फाची पेटीही हवी. एचबीए१सी जांभळ्या झाकणाच्या नळीत.

पट्टा. दंडाला पट्टा बांधून शीर शोधत दोन-तीन मिनिटं गेली तर पाणी बाहेर झिरपून रक्त दाट होतं आणि कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसतं. एका मिनिटाच्या आत सोडायचा. बसण्या-झोपण्यानेही हेच होतं. आडव्या स्थितीतला नमुना उभ्यापेक्षा कमी येतो, फरक १० टक्क्यांच्या आसपास जातो. दर वेळी पाच-दहा मिनिटं बसून मग रक्त द्या.

उपास. साध्या लिपिडसाठी सक्तीचा नाही. नेहमीच्या जेवणानंतर ट्रायग्लिसराइड सरासरी २६ ने वाढतं, एलडीएल ८ ने कमी दिसतं, एचडीएल तसंच राहतं. अपो-बी, लायपोप्रोटीन-ए आणि एचबीए१सीला उपास लागतच नाही. जेवणानंतर ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आलं तर तेवढ्यापुरतं उपाशीपोटी पुन्हा. आदल्या रात्रीची दारू मात्र उपास करूनही लपत नाही, ट्रायग्लिसराइड उसळतं.

बायोटिन. केसांच्या गोळ्यांत ते ५-१० मिग्रॅ असतं आणि काही यंत्रांवर इन्शुलिन, थायरॉइड, ट्रोपोनिन यांचे आकडे बिघडवतं. दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, लॅबला सांगा.

आजारपण. मोठा ताप, शस्त्रक्रिया, हार्ट अटॅक यांनंतर एलडीएल खोटं खाली जातं. अटॅकच्या रुग्णाचं लिपिड पहिल्या २४ तासांत घ्यावं, नाहीतर काही आठवडे थांबून. डिस्चार्जच्या कागदावरचं "एलडीएल ७०" बघून औषध कमी करणं ही घातक चूक आहे.

---

हिरवळ

@रक्तनमुना, अत्यंत उपयुक्त. एचबीए१सीबद्दल भर घालते.

लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय असेल तर एचबीए१सी खोटा वाढतो. बाळंतपणानंतरच्या किंवा पाळीत खूप रक्त जाणाऱ्या बाईचा ५.९ आला तर आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा. उलट रक्तपेशी लवकर फुटणाऱ्या आजारांत, रक्त चढवल्यावर किंवा नुकताच रक्तस्राव झाला असेल तर तो खोटा कमी येतो. विदर्भ आणि नंदुरबारकडे सिकलसेलचं प्रमाण लक्षात घेता तिथे हा प्रश्न नेहमी विचारायला हवा. अशा वेळी उपाशीपोटी आणि ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांची साखर, किंवा फ्रुक्टोसामीन (गेल्या दोन-तीन आठवड्यांच्या साखरेचं माप).

इन्शुलिनचं: उपाशीपोटी साखर गुणिले इन्शुलिन भागिले ४०५ म्हणजे होमा-आयआर. नमुन्यात १०८ × १६ ÷ ४०५ = ४.३, जास्त आहे. पण इन्शुलिनची तपासणी लॅबगणिक वेगळी येते, रक्तपेशी फुटलेल्या नमुन्यात इन्शुलिन नष्ट होतं, आणि त्यावरून उपचार बदलत नाहीत. कंबरेचा टेप तीच गोष्ट फुकट सांगतो: पुरुषात ९० सेंमी, बाईत ८० सेंमी. ट्रायग्लिसराइड १५० वर, एचडीएल पुरुषात ४० आणि बाईत ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ वर, साखर १०० वर. पाचातल्या कुठल्याही तीन गोष्टी असल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम. नमुन्यातल्या गृहस्थांत पाचही आहेत.

वजनकाटा इथे फसवतो. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं २००४ साली लॅन्सेटमध्ये आलेलं छायाचित्र अनेकांना आठवत असेल: दोघांचाही बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२. जास्तीची कुणाची ते सांगायला नको.

---

देशांतर

इंग्लंडमधल्या मंडळींसाठी: इथे मिलिमोल असतात. कोलेस्टेरॉलला ३८.७ ने, ट्रायग्लिसराइडला ८८.६ ने गुणा. दोन्हींना एकच गुणक लावायची चूक पुष्कळांकडून होते.

धोक्याच्या गणकयंत्रांबद्दल. इंग्लंडच्या क्यूरिस्क३ मध्ये वंश विचारतात, तिथे 'इंडियन' निवडा, नाहीतर उत्तर कमी येतं. अमेरिकेचं २०२३ चं प्रिव्हेंट वंश विचारत नाही, पण किडनीचं काम घेतं आणि हवं तर एचबीए१सी व लघवीतलं अल्ब्युमिनही घेतं. अपो-बी आणि लायपोप्रोटीन-ए दोन्हींतही नाहीत, ते आपल्याला डोक्यात वेगळे मिळवावे लागतात.

मोठी उणीव वयाची. दहा वर्षांचा धोका मुख्यतः वयावर हलतो. ४२ व्या वर्षी सगळं बिघडलेलं असूनही आकडा लहान येतो आणि माणूस हुश्श करतो. प्रिव्हेंटमध्ये ५९ पर्यंतच्या लोकांना तीस वर्षांचा धोका मिळतो, तो जरूर बघा.

---

रानवाट

मग सगळं एकत्र करून या नमुन्यातल्या माणसाने काय करावं?

---

निर्झरा

क्रमाने लिहिते. गोळीचा निर्णय त्याच्या डॉक्टरांनी समोर बसून घ्यायचा, पण विचारायचं काय हे माहीत असावं.

आधी दुसरं कारण वगळा: टीएसएच (थायरॉइड मंद असेल तर एलडीएल चढतं), क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, यकृताचे एएलटी-एएसटी. रक्तदाब घरी आठवडाभर मोजा.

लिपिड एकदाच्या रिपोर्टावर ठरवू नका. ट्रायग्लिसराइड दिवसागणिक २० टक्क्यांहून जास्त हलतं, एलडीएल आठ-दहा टक्के. ११२ चे १०६ झाले म्हणजे पथ्य लागू पडलं असं नाही.

बारा आठवडे मनापासून बदल. वजन ५ ते ७ टक्क्यांनी उतरवायचं, आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं, सोबत दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. ट्रायग्लिसराइड उतरतं ते साखर, गोड चहा, मैदा, पांढऱ्या भाताचा ढीग आणि दारू कमी केल्याने. अपो-बी उतरते ती तूप, लोणी, खोबरेल, पाम तेल आणि वनस्पती तूप कमी करून शेंगदाणा, करडई, मोहरी अशी तेलं बेताने वापरल्याने, आणि ओट्स, जव, कडधान्यं, भेंडी यांतल्या विरघळणाऱ्या तंतूंनी. हे दोन वेगळे नळ आहेत. एकच बंद केला तर निम्मंच काम होतं. 'तेल बंद केलं तरी ट्रायग्लिसराइड का उतरत नाही' याचं उत्तर बहुतेक वेळा ताटातल्या भात-पोळीत आणि चहाच्या कपात असतं.

मग पुन्हा तपासा: एकूण, एचडीएल, ट्रायग्लिसराइड, अपो-बी, एचबीए१सी. लायपोप्रोटीन-ए, इन्शुलिन, होमोसिस्टीन पुन्हा नकोत.

माझं मत स्पष्ट आहे. लायपोप्रोटीन-ए ६८, मेटाबॉलिक सिंड्रोमच्या पाचही खुणा आणि अपो-बी ११८ हे तिन्ही एकत्र असताना स्टॅटिनची चर्चा टाळू नये. निर्णय अडला तर हृदयाच्या धमन्यांतल्या कॅल्शियमचा सीटी स्कोअर मदत करतो. मात्र ४२ व्या वर्षी स्कोअर शून्य आला तर त्याचा अर्थ 'अजून चुना साचला नाही' एवढाच. मऊ थर त्यात दिसत नाही. औषध सुरू झालं तर ४ ते १२ आठवड्यांत लिपिड बघून मात्रा ठरवायची, वर्षभर थांबायचं नाही.

---

वाडवळ

+१. एक गोष्ट राहिली. लायपोप्रोटीन-ए जास्त निघाली तर रिपोर्ट फाइलमध्ये ठेवून थांबू नका. सख्ख्या नात्यात ती सापडण्याची शक्यता जवळपास निम्मी असते. भाऊ, बहीण आणि मोठी झालेली मुलं यांची एकदा तपासणी करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये आणि त्याच एककात. उपास लागत नाही, त्यामुळे सणाला सगळे जमलेले असताना एकाच फेरीत नमुने देता येतात. घरात कुणाला पन्नाशीच्या आत अटॅक आला असेल तर त्याच वेळी अपो-बीही करून घ्या.

---

रक्तनमुना

आणि सगळ्यांच्या नळ्यांवर नाव-वय रक्त काढल्याबरोबर, त्यांच्या समोरच लिहून घ्या. एकाच आडनावाचे पाच नमुने एका पिशवीत गेले की अदलाबदल तिथेच होते.